टीव्हीत ट्यूनर आहे, पण किल्ली केबलवाल्याकडे

दिवाळीत आईसाठी पुण्याच्या घरी नवा टीव्ही घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘डिजिटल केबल ट्यूनर इनबिल्ट’, म्हणजे केबलचा सिग्नल पकडणारा भाग टीव्हीतच. दुकानदार म्हणाला, आता सेट-टॉप बॉक्स लागणार नाही. आईचा दोन रिमोटमध्ये गोंधळ उडतो, म्हणून मला फार बरं वाटलं.

घरी केबलची वायर थेट टीव्हीला लावली आणि सर्च दिला. आकडा भराभर वाढत गेला, वाहिन्यांची नावं नंबरासकट आली. आई म्हणाली, “आलं की रे सगळं!” सह्याद्री लावलं. काळा पडदा, मधोमध एकच शब्द: ‘स्क्रॅम्बल्ड’, म्हणजे वाहिनी कुलूपबंद. पुढची लावली, तेच. त्याच्या पुढची, तेच.

ट्यूनर खोटा नाही. सिग्नल तो नीट पकडतो, वाहिन्यांची यादीही वाचतो, कारण यादीला कुलूप नसतं. कुलूप असतं चित्राला आणि आवाजाला. त्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ती केबलवाल्याच्या बॉक्समधल्या कार्डाला किंवा चिपलाच कळते. कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणाऱ्या ट्यूनर कार्डाचीही तीच गत. अॅनालॉग केबल होती तेव्हा मी त्यावर मॅच रेकॉर्ड करायचो. मुंबईत 2012 च्या ऑक्टोबरअखेर आणि पुण्यात 2013 च्या मार्चअखेर अॅनालॉग बंद करायची मुदत संपली, आणि ते कार्ड कपाटात गेलं. 2011 च्या केबल कायद्यातल्या दुरुस्तीने केबलवरच्या वाहिन्या एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे कुलूप लावूनच, द्यायची सक्ती केली. म्हणून डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत छत्रीवर, फुकट दिसणारी सह्याद्री केबलवर मात्र कुलपात!

चोरी थांबावी, ग्राहकांचा खरा आकडा कळावा, हे मला पूर्ण मान्य. पण किल्ली ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रातही बसवता येते. युरोपात 30 सेंटीमीटरहून मोठ्या डिजिटल टीव्हीला त्यासाठी खाच असणं बंधनकारक केलं. जर्मनीत केबल कंपनीचं मॉड्यूल, म्हणजे किल्ली चालवणारी छोटी वस्तू, आणि कार्ड त्यात सरकवलं की बॉक्स लागत नाही. अमेरिकेत एचडीहोमरन प्राइमसारख्या ट्यूनरमध्ये केबल कंपनीचं किल्लीवालं ‘केबलकार्ड’ घातलं की कुलूपबंद वाहिन्या दिसायच्या. तिथे कंपन्यांवरची कार्ड देण्याची सक्ती 2020 मध्ये उठली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली होती, की केबल कंपनी बदलली तरी बॉक्स तोच चालावा आणि टीव्हीला यूएसबीवर चालणारा सामाईक इंटरफेस, म्हणजे असं मॉड्यूल जोडायची एकसारखी सोय, असावा. आईच्या टीव्हीला यूएसबीची दोन पोर्ट आहेत. केबलवाल्या दादाला मॉड्यूल मागितलं, तर तो म्हणाला, “असलं काही आमच्याकडे येतच नाही, साहेब.” मग ट्यूनरचे पैसे टीव्हीच्या किमतीत आम्ही भरले ते कशासाठी? ट्रायची ती शिफारस सरकारने सक्तीची करायलाच हवी. तोवर खोक्यावर निदान एवढं तरी छापा, की एन्क्रिप्टेड केबल यावर दिसणार नाही.

गावी मावशीकडे फ्री डिशची छत्री आहे. तिची वायर टीव्हीच्या सॅटेलाइट ट्यूनरला थेट लावली, तर सह्याद्री एका रिमोटवर लागलं.