मागच्या बाकावरचं उत्तर

कॉलेजच्या वर्गात 'समजलं का?' विचारणं आता बंद केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, कुठल्याही कॉलेजात जा, उत्तर एकच येतं: 'हो सर.' पुढच्या बाकांवरचे आठ-दहा जण बोलतात, बाकीचे मान हलवतात आणि आपण पुढच्या टॉपिकला लागतो.

आपली पोरं मठ्ठ नाहीत. घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली, शाळेत मराठी आणि बी.एस्सी.ला आल्याबरोबर पुस्तक इंग्रजीत. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा-भिल्ल मुलांना तर मराठीसुद्धा शाळेत गेल्यावर शिकावी लागलेली. सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं, अर्धवट इंग्रजीत बोलायचं आणि तेही चुकलं तर हसू करून घ्यायचं. कोण उठेल?

म्हणून फिजिक्सच्या तासाला मी मोबाईल बाहेर काढायला सांगतो. मेंटीमीटर, सॉक्रेटिव्ह यांसारखी साधनं ब्राउझरमध्येच चालतात, ॲप टाकायची गरज नाही. फळ्यावर कोड लिहायचा, मुलांनी तो टाकायचा, प्रश्न त्यांच्या स्क्रीनवर येतो. नाव न विचारण्याची सोय असते, ती मी नेहमी वापरतो. प्रश्न इंग्रजीत आणि खाली मराठीत, दोन्ही लिहितो.

एक प्रश्न सांगतो. दगड सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? पर्याय: शून्य, वरच्या दिशेने ९.८, खालच्या दिशेने ९.८.

गतीची समीकरणं तोंडपाठ असलेला वर्ग 'शून्य' दाबतो. दरवर्षी. बारावीला चांगले मार्क पडलेलेसुद्धा. हे मला तोंडी विचारून कधीच कळलं नसतं, कारण तोंडी उत्तर देणारा हुशार मुलगा बरोबर सांगून मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं वर्गाला आलं.

खरं काम इथून पुढे आहे. उत्तरांचे आकडे मी लगेच पडद्यावर दाखवत नाही. दाखवले की सगळे जास्त मतांच्या बाजूने जातात. सांगतो, शेजारी बसलेल्याला तुमचं उत्तर पटवून द्या, कुठल्याही भाषेत. मग जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी तासाला एरवी तोंड उघडत नाही, मैत्रिणीला सांगत होती, 'अवं, तो थांबना, पन धरती त्याले वढीच ऱ्हायनी ना!' (म्हणजे, तो थांबला, पण पृथ्वी त्याला ओढतेच आहे ना!) पूर्ण फिजिक्स त्या एका वाक्यात आलं. त्वरणही शून्य असतं तर दगड वरच लटकून राहिला असता. पुन्हा तोच प्रश्न टाकला की बहुतेक जण बरोबर उत्तरावर, खालच्या दिशेने ९.८ वर, येतात, आणि ते एकमेकांच्या समजावण्याने आलेले असतात.

ही पद्धत मोबाईलच्या आधीची आहे. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ती १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात रुजवली. त्यांचा हिशोब सोपा: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा घडवा, त्याहून कमी आली तर पुन्हा शिकवा, जास्त आली तर पुढे चला. म्हणजे आकडा बघून शिक्षकाने तास बदलायचा असतो. तो बदलणार नसेल तर प्रश्न टाकूच नये.

कहूट या क्विझच्या साधनाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्यात एरवी जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण मिळतात आणि पडद्यावर पहिल्या क्रमांकांची यादी झळकते. इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागणारा मुलगा बरोबर उत्तर देऊनही मागे पडतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच पुन्हा शेवटच्या बाकावर बसवायचं का? वापरायचंच असेल तर गुण बंद करून वापरा.

'सर, सगळ्यांकडे मोबाईल कुठे?' असं सहकारी विचारतात आणि ते रास्त आहे. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, पण घरात चांगला फोन एकच असतो आणि तो भावाकडे नाहीतर वडिलांकडे शेतात असतो. अशा वेळी दोघा-तिघांत एक फोन चालतो, उलट बोलणं वाढतं. आणि प्लिकर्स आहेच. त्यात मुलाच्या हातात फक्त छापलेलं कार्ड असतं. कार्डाच्या चार बाजूंना चार पर्याय, हवी ती बाजू वर धरायची, शिक्षकाने आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने वर्ग टिपायचा. पर्यायांची अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला दिसत नाहीत. नेट लागतं ते शिक्षकाच्या फोनला. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा असतो तेव्हाही मी कार्डंच काढतो, सगळ्यांकडून उत्तर येतं.

एका गोष्टीचा मनापासून राग येतो. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, तपासणी जवळ आली की वर्गात प्रोजेक्टर लागतो, एक क्विझ होते, फोटो निघतो, फाईल भरते आणि पुढच्या सोमवारी परत डिक्टेशन. साधन फुकट मिळतं, चांगला प्रश्न फुकट मिळत नाही. चुकीचे पर्याय मुलं खरोखर जशी चुकतात तसेच लिहावे लागतात, आणि त्यासाठी शिक्षकाला वेळ लागतो. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं फिरणाऱ्या प्राध्यापकाने तो कुठून आणायचा? प्रश्न तयार करायचा वेळ वर्कलोडमध्ये धरला पाहिजे, ही माझी सरळ मागणी आहे.

तोपर्यंत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांनी मिळून मराठी-इंग्रजी प्रश्नांचा एक साठा करूया. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, मग प्रत्येकाने वेगळं का खपायचं? यांत्रिकी आणि विद्युत या दोन भागांचे माझे प्रश्न तयार आहेत. हवे असतील त्यांनी इनबॉक्समध्ये विषय आणि वर्ग कळवा. केमिस्ट्री आणि गणितवाल्यांनी आपले पाठवा.