‘मधले अल्बम सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी

मार्च २०२५ मध्ये अमेरिकन पंक रॉक बँड ग्रीन डे महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: बँड कंपनीला विकला गेला, गाणी सगळी तीन कॉर्डची, म्हणजे एकाच सोप्या साच्यातली, २००४ मध्ये अमेरिकी अध्यक्ष बुश यांच्या विरोधाची हवा बघून हे रातोरात राजकीय झाले, तेव्हा ‘डूकी’ आणि ‘अमेरिकन इडियट’ हे दोन अल्बम ऐका, मधले सगळे सोडा. परळला राहणारी माझी भाची गिटार शिकते. तिने हे वाचून ‘निम्रॉड’ आणि ‘वॉर्निंग’ हे मधले अल्बम प्लेलिस्टमधून उडवले. आता मात्र बोलायलाच हवं.

आधी ते ‘रातोरात’. ‘वॉर्निंग’ आला ऑक्टोबर २००० मध्ये. बुशची निवडणूक नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तो माणूस अजून निवडूनही यायचा होता. त्याच अल्बममधल्या ‘मायनॉरिटी’ गाण्यात बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग नैतिकतेचे ठेकेदार बनलेल्यांना सरळ धुडकावतो आणि आपण अल्पमतातच बरे म्हणतो. कुठली हवा बघून?

आणि तो अल्बम वाजतो कसा, हे तरी ऐका. अकूस्टिक गिटार पुढे आलेली, ‘मिझरी’त अकॉर्डियन आणि मँडोलिन, निर्माते म्हणून बँडचंच नाव. खप आधीच्यांच्या मानाने घसरला. धंदाच करायचा होता तर ‘डूकी’ची नक्कल काढणं सोपं होतं.

त्याच्याही आधी, १९९७ चा ‘निम्रॉड’. ‘हिचिन अ राइड’ व्हायोलिनने सुरू होतं, ‘किंग फॉर अ डे’त ब्रास सेक्शन, ‘लास्ट राइड इन’मध्ये एक शब्द नाही. ‘गुड रिडन्स’ तर एक गिटार, तंतुवाद्यं आणि आवाज, बस्स. (कॉलेजच्या फेअरवेलला डोळे पुसत ते गाणाऱ्यांनो, ते सोडून गेलेल्या मैत्रिणीवरच्या रागातून आलंय.) ‘अमेरिकन इडियट’मधलं नऊ मिनिटांचं, पाच भागांचं ‘जीझस ऑफ सबर्बिया’ आकाशातून पडलं नाही. अर्ध्या तासात चार तऱ्हेची गाणी वाजवायची सवय आधी झाली, मग ती एकाच गाण्यात आली, असं मला तरी ऐकू येतं.

हो, ‘वॉर्निंग’ आणि ‘अमेरिकन इडियट’च्या मधे एका पूर्ण होत आलेल्या अल्बमच्या टेप चोरीला गेल्या, हे बँडनेच सांगितलंय. पण पुढचंही सांगितलंय: निर्माता रॉब कव्हॅलोने विचारलं, ते तुमचं सर्वोत्तम काम होतं का? त्यावर यांनी नव्याने सुरुवात केली. बास वाजवणाऱ्या माइक डर्न्टने अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा केला, बाकी दोघांनी त्याला आपापले तुकडे जोडले, आणि त्यातून मोठी रचना करायचा नाद लागला. याला कोणी मार्केटिंगचा बेत म्हणत असेल तर म्हणो.

तीन कॉर्ड? ‘डूकी’वरचंच ‘लाँगव्ह्यू’ ऐका. कडव्यात फक्त बास आणि ड्रम, गिटार नाहीच.

विकले गेले म्हणता, तर छोट्या लुकआउट कंपनीतून ते रिप्रीझ या मोठ्या कंपनीकडे गेले, आणि मोठ्या कंपनीच्या बँडना मज्जाव असलेल्या बर्कलीच्या गिल्मन क्लबची दारं त्यांना बंद झाली, हे खरंच आहे. पण गंमत बघा, ज्या ‘डूकी’ला मेसेज डोक्यावर घेतो, तोच रिप्रीझचा पहिला अल्बम! ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणं लुकआउटच्या ‘केरप्लंक’ या अल्बमवरही आहे आणि ‘डूकी’वरही. दोन्ही लागोपाठ लावा. गाणं तेच, ध्वनिमुद्रण तेवढं स्वच्छ.

एवढं मात्र मान्य, नाइलाजाने. २०१२ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबरात तीन अल्बम काढले, आणि त्यातली निम्मी गाणी एकमेकांत मिसळून जातात. मेसेजने ते सोडा म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्यांचा त्यात उल्लेखच नाही. तिथवर कोणी ऐकतच गेलेलं दिसत नाही.