नवख्या ट्रायथलीटने नेमकं कशाला घाबरावं?

‘ट्रायथलॉन हा हौशी माणसाचा खेळ नाही’ असं बजावणारा एक संदेश सध्या या हातातून त्या हातात फिरतो आहे. पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या या खेळाबद्दल त्यातले मुद्दे थोडक्यात असे: ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन, महागडी सायकल नसेल तर तुमचा निभाव लागणार नाही, आठवड्याला वीस तास सराव हवाच, रेंगाळत शेवटी पोहोचणाऱ्याने स्वतःला ट्रायथलीट म्हणवून घेऊ नये, तहान लागो न लागो, पाणी पीत राहा, चाळिशीनंतर हा हृदयावरचा अत्याचार आहे, आणि पोहण्याचा टप्पा सगळ्यांत छोटा, पोहण्याच्या तलावात चार फेऱ्या येत असतील तर त्याची चिंता नको.

मी हौशी गटात उतरते आणि नव्या मंडळींना उघड्या पाण्यात, म्हणजे नदी, समुद्र किंवा मोठ्या जलाशयात, पोहायला घेऊन जाते. हा संदेश वाचून काहीजण येणंच सोडून देतात, त्याचं वाईट वाटतं. पण मला जास्त काळजी वाटते ती त्यावर विश्वास ठेवून तरीही येणाऱ्यांची. जिथे भ्यायचं कारण नाही तिथे हा संदेश भीती घालतो, आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे ‘चिंता नको’ म्हणतो. म्हणून एकेक मुद्दा घेते. पोहण्याचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर सगळ्यांत जास्त लिहायचं आहे.

‘ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन’

३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं, हे आयर्नमॅनचं अंतर. ते या खेळातलं एक अंतर आहे, अख्खा खेळ नव्हे. नवखे लोक बहुधा स्प्रिंटपासून सुरुवात करतात: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. काही ठिकाणी त्याच्याही निम्म्या अंतराची सुपर स्प्रिंट असते. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तीसुद्धा १.५, ४० आणि १० किलोमीटरची. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे खेळाडू साधारण दोन तासांत शर्यत संपवतात. दिवसभर झुंजल्याशिवाय ट्रायथलॉन होत नाही, हे म्हणणं तिथेच कोसळतं.

इतिहासही या दाव्याच्या उलट बाजूला आहे. ट्रायथलॉन या नावाने आज जो खेळ ओळखला जातो, त्याची सुरुवात २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झालेल्या शर्यतीपासून मानतात. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन यांनी तिथल्या ट्रॅक क्लबतर्फे ती भरवली. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, आणि उतरलेले ४६ जण. अंतरं इतकी माफक होती की सायकलचा टप्पा पाच मैलांचा आणि पोहणं जेमतेम पाचशे यार्डांचं, तेही तुकड्यातुकड्यांत. त्या ४६ जणांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे जोडपं होतं. पुढे त्यांनीच हवाईत १९७८ साली पहिली आयर्नमॅन घडवून आणली. तेव्हा १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. म्हणजे आधी हौशी लोकांची छोटी शर्यत होती, आयर्नमॅन तिच्यातून निघाली. संदेशाने हा क्रम उलटा करून टाकला आहे.

‘महागडी सायकल नसेल तर निभाव लागणार नाही’

वीस किलोमीटरला ताशी २५ चा वेग असेल तर ४८ मिनिटं लागतात, २८ चा असेल तर साधारण ४३. हा पाच मिनिटांचा फरक सायकल बदलून मिळेलच असं नाही, कारण सपाट रस्त्यावर वेग वाढला की मुख्य अडथळा हवेचा असतो आणि त्या अडथळ्याचा मोठा वाटा सायकलीचा नसून वर बसलेल्या माणसाचा असतो. कोपर वाकवून, पाठ खाली ठेवून वीस किलोमीटर आरामात बसता येणं, हे सरावाने आणि सीटची उंची नीट लावून येतं. त्यातून वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे नवखा माणूस ज्या वेगाने जातो, त्या वेगाला महागड्या चाकांमुळे वाचणारी ताकद थोडीच असते.

नियम बघतात ते वेगळंच. ब्रेक चालतात का, हँडलबारची टोकं बंद आहेत का, हेल्मेट धड आहे का. स्टँडवरून सायकल काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा आणि सायकल परत स्टँडला लागेपर्यंत तो सुटता कामा नये. या एका चुकीने शिक्षा होते. बहुतेक हौशी शर्यतींत पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवता येत नाही, साधारण १० ते १२ मीटर अंतर राखावं लागतं. उधारीची, जुनी, साधी रोड सायकल, अगदी माउंटन बाइकसुद्धा, या सगळ्यातून पार होते. पंक्चर मात्र स्वतः काढता आलं पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही. खर्च करायचाच असेल तर तो एखाद्या चांगल्या पोहण्याच्या प्रशिक्षकावर करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

‘आठवड्याला वीस तास’

पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनसाठी कसून तयारी करणाऱ्यांचा हा आकडा आहे. ज्याला अर्धा तास सलग चालता-धावता येतं आणि थोडंफार पोहता येतं, त्याला स्प्रिंटसाठी तीनेक महिने, आठवड्याला चार ते सहा तास पुरतात. पोहणं दोनदा, सायकल दोनदा, धावणं दोनदा, आणि त्यातला एक दिवस सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा, ज्याला ब्रिक म्हणतात. हा ब्रिक टाळू नका. सायकलवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटं पाय आपले वाटत नाहीत; ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरून वेग वाढवतो आणि पुढे दमतो.

‘शेवटी पोहोचणारा ट्रायथलीट नव्हे’

हे मला सगळ्यांत कद्रूपणाचं वाटलं. शर्यत पूर्ण झाली की नाही हे नियमांत एकाच गोष्टीवर ठरतं: ठरलेल्या मुदतीत, नियम न मोडता, तिन्ही टप्पे पार झाले का. पूर्ण आयर्नमॅनला ही मुदत साधारण १७ तासांची असते. मॅडोना ब्यूडर या अमेरिकन ननने पन्नाशी उलटल्यावर हा खेळ धरला आणि २०१२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, आयर्नमॅन पूर्ण केली. त्यांचं वय वाढत गेलं तसे आयोजकांना स्त्रियांसाठी नवे वयोगट उघडावे लागले. पहिल्या दहांत येणाऱ्या किती जणांमुळे असं काही बदललं?

‘तहान लागो न लागो, पाणी पीत राहा’

हा सल्ला चुकीचा आहे आणि घातकही आहे. घामातून जातं त्याहून जास्त पाणी तासन्‌तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम, आणि टोकाला गेलं तर मेंदूला सूज येऊन मृत्यू. हळू जाणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते पाण्याच्या टेबलांपाशी जास्त वेळा थांबतात आणि घाम मात्र तुलनेने कमी गाळतात. तहान लागेल तसं प्या.

‘चाळिशीनंतर हृदयावर अत्याचार’

यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते बाजूला सारत नाही. २०१७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडूनही वाचवलेले स्पर्धक आणि अपघाती मृत्यू मिळून १३५ घटना. प्रमाण दर लाख स्पर्धकांमागे १.७४. पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या तिपटीहून जास्त, आणि पुरुषांत ते वयाबरोबर वाढत गेलेलं. साठीपुढच्या पुरुषांत तर ठळकपणे. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासून दोष होता, ज्याची त्यांना कल्पना नसावी.

म्हणून श्रम करताना छातीत दुखणं, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं झालं असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडे जा. वयाचा आकडा बघून खेळ सोडणं आणि हृदय तपासून खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानचे हिरोमू इनादा साठीनंतर पोहायला लागले, सत्तरीत पहिली ट्रायथलॉन केली. २०१५ मध्ये हवाईतल्या आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत त्यांची मुदत अवघ्या काही सेकंदांनी हुकली. २०१८ मध्ये, ८५व्या वर्षी, त्यांनी तीच स्पर्धा मुदतीत पूर्ण केली.

पण त्याच अभ्यासातली दोन निरीक्षणं संदेश लिहिणाऱ्याने वाचायला हवी होती. एक, लहान आणि मोठ्या अंतराच्या शर्यतींत धोक्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. स्प्रिंट आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दुसरं निरीक्षण शेवटच्या मुद्द्याचं.

‘पोहणं सगळ्यांत छोटं, त्याची चिंता नको’

त्या १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या. स्प्रिंट असो वा ऑलिंपिक अंतर, पोहणं एकूण अंतराच्या ३ टक्क्यांहून कमी भरतं, आणि दोन-तृतीयांश घटना त्या तुकड्यात. संदेशातलं हे एक वाक्य बाकीच्या सगळ्या चुकांवर भारी आहे.

हे का होतं? तलावात तळ दिसतो, पट्टी दिसते, पंचवीस मीटरवर भिंत येते आणि दम लागला तर उभं राहता येतं. उघड्या पाण्यात यातलं काही नाही. पाणी गार असेल तर शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं, पुढची एक-दोन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही आणि हृदयाचे ठोके उसळतात. त्याच वेळी चेहरा पाण्यात असतो, आणि चेहऱ्यावर गार पाणी व रोखलेला श्वास हृदयाला मंद होण्याचा उलटा इशारा देतात. दोन्ही आज्ञा एकदम मिळाल्या तर हृदयाची लय बिघडू शकते. वर आजूबाजूला शेकडो हातपाय, कोणाची तरी टाच गॉगलवर, छातीला आवळणारा नवा वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख), आणि सुरुवातीलाच अंगात असलेली घाई. चांगलं पोहणारी माणसंही इथे गडबडतात. मी तलावात सहज किलोमीटरभर पोहणाऱ्यांना उघड्या पाण्यात पहिल्या शंभर मीटरांत थिजलेलं पाहिलं आहे. त्यांना पोहणं येत होतं. तिथे श्वास कसा सांभाळायचा, हे कोणी शिकवलं नव्हतं.

वेटसूट तरंगायला मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार हौशी गटात १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्याला पाणी २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल तर तो घालता येत नाही. पाण्याचं तापमान ऐनवेळी मोजलं जातं आणि आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या भरवशावर तयारी केली तो वेटसूट बाद होऊ शकतो. आणि घालायचाच असेल तर तो स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नका.

तयारी अशी करा. स्पर्धेआधी काही आठवडे, सुरक्षेची सोय असलेल्या उघड्या पाण्यात, एकट्याने नव्हे, आणि कमरेला रंगीत फुगा बांधून पोहा. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, शोधायची सवय लावा, नाहीतर माणूस तिरका जात राहतो आणि अंतर वाढतं. पाठीवर उताणं पडून श्वास परत जागेवर आणण्याचा सराव करा, तो इतका की घाबरल्यावर शरीर आपसूक तेच करेल. मित्रांना मुद्दाम खेटून पोहायला सांगा. स्पर्धेच्या सकाळी परवानगी असेल तर आधीच पाण्यात उतरा, चेहरा भिजवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा. सुरुवातीला कडेला किंवा मागे उभे राहा आणि गर्दीला आधी जाऊ द्या; त्यात गेलेले पाच-दहा सेकंद पुढे कुठेही भरून निघतात. खोकला, फेसाळ थुंकी, छातीत दाब किंवा विनाकारण धाप जाणवली तर ती भीतीच असेल असं गृहीत धरू नका, पाण्याबाहेर या.

आणि नियम इथे स्पर्धकाच्या बाजूने आहेत, हे फार थोड्या नवख्यांना माहीत असतं. फ्रीस्टाइलच हवं असं नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर चालतं, नुसतं तरंगत थांबलेलं चालतं. दम लागला तर हात वर करा, कयाक (सुरक्षेसाठी ठेवलेली छोटी होडी) तुमच्याकडे येईल. कयाक किंवा बोया धरून हवा तितका वेळ विसावा घेता येतो. त्याच्या आधाराने पुढे सरकला नाहीत तर तुम्ही बाद होत नाही. श्वास जागेवर आला की हात सोडायचा आणि पुढच्या बोयाकडे निघायचं.