चार दिवसांच्या युद्धाला चाळीस दिवसांचा दारूगोळा कशाला?

"ऑपरेशन सिंदूर 4 दिवसांत आटोपलं. 1971 चं युद्ध 13 दिवसांत संपलं. आता अण्वस्त्रं आहेत, जग मध्ये पडतं, लढाई ड्रोनने होते. तरी आपलं लष्कर 40 दिवसांचा दारूगोळा कोठारात कुजवत ठेवतं. लागला तर कारखाने आहेत, मित्रदेश आहेत. आणि साठ्याचा धोका बघायचा असेल तर पुलगावच्या दारूगोळा डेपोतली आग आठवा." या आशयाचा मजकूर सध्या भरपूर फिरतो आहे आणि शहाणी माणसंही तो पुढे पाठवताहेत. त्यातला प्रत्येक मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो एकेक करून तपासायला हवा.

आधी त्या 40 दिवसांबद्दल. लष्कराच्या हिशेबात याला वॉर वेस्टेज रिझर्व्ह म्हणतात, म्हणजे युद्धात खर्ची पडेल म्हणून राखून ठेवलेला साठा. हे 40 दिवस तीव्र लढाईचे आहेत, कॅलेंडरवरचे नव्हेत. लढाईचा जोर कमी असेल तर तोच साठा जास्त दिवस पुरतो. मुख्य म्हणजे एवढा साठा कोठारात पडून आहे हे गृहीतच चुकीचं आहे. कॅगने 2015 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात म्हटलं होतं, की मार्च 2013 मध्ये दारूगोळ्याच्या 170 प्रकारांपैकी निम्मे प्रकार 10 दिवसही पुरणार नाहीत अशा पातळीला होते. किमान 20 दिवसांचा साठा हवाच, त्याखाली जाणं धोक्याचं, ही मर्यादा लष्कराने स्वतःच घातलेली होती. 2017 च्या अहवालात सप्टेंबर 2016 ची स्थिती आहे. तेव्हा 152 पैकी 61 प्रकार 10 दिवसांच्या खाली होते. त्यानंतर लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले, आणि 2020 च्या अखेरीस साठ्याची पातळी 10 वरून 15 दिवसांवर न्यायला मुभा मिळाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे गेल्या दशकातली खरी धडपड 10 चे 15 करण्याची होती. 40 दिवस कुजवण्याइतका माल कित्येक प्रकारांत नव्हताच.

"आताची युद्धं चार दिवसांची असतात"

1971 चं युद्ध 13 दिवसांत संपलं हे खरं, पण त्याआधीचे महिने मेसेजमधून गळले आहेत. एप्रिलमध्ये लढायला सांगितलं तेव्हा जनरल माणेकशॉ यांनी वेळ मागून घेतला, आणि डिसेंबरपर्यंत माणसं, वाहनं, पूल बांधायचं सामान आणि दारूगोळा पूर्वेकडे सरकत राहिला. तेरा दिवसांत निकाल लागला याचं एक मोठं कारण हीच भरलेली कोठारं होती. छोट्या युद्धाचं उदाहरण म्हणून 1971 देणाऱ्याने हा जमाखर्चही मांडायला हवा.

कारगिल मात्र दोन महिन्यांहून अधिक चाललं. तेही 1998 च्या अणुचाचण्यांना जेमतेम वर्ष झालेलं असताना, दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं असताना, आणि आपण नियंत्रणरेषा ओलांडायची नाही असं ठरवलेलं असताना. लढाई एका छोट्या पट्ट्यापुरती होती, तरी आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, उखळी बॉम्ब आणि रॉकेट डागले. टायगर हिल घेतानाच्या एका दिवसाचा आकडा 9,000 सांगितला जातो. बोफोर्सचे 155 मिमीचे गोळे ऐन युद्धात बाहेरून मागवावे लागले. जे आहे त्यानिशी लढू, असं तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांना जाहीरपणे म्हणावं लागलं होतं. सेनापतीला असं बोलावं लागणं हाच साठ्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे, असं मी मानतो.

युद्ध किती दिवस चालणार हे एकटे आपण ठरवत नाही. समोरच्याचीही त्यात निम्मी वाटणी असते. आपल्याकडे दहाच दिवसांचा माल आहे हे त्याला कळलं, तर अकराव्या दिवसापर्यंत तग धरायची एवढंच त्याचं काम उरतं.

"जग मध्ये पडतं आणि युद्ध थांबतं"

थांबतं, पण कोणत्या अटींवर हा प्रश्न उरतोच. इथे 1965 ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात युद्धबंदीसाठी बाहेरून दडपण वाढत होतं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री. आणखी काही दिवस लढलो तर पारडं आपल्याकडे झुकेल का, असं पंतप्रधानांनी लष्करप्रमुख जनरल चौधरी यांना विचारलं. आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा संपत आला आहे, असं उत्तर आलं. 23 सप्टेंबरला युद्धबंदी झाली. नंतर मोजदाद झाली तेव्हा कळलं, की आघाडीच्या साठ्यातला जेमतेम 14 टक्केच दारूगोळा वापरला गेला होता. पाकिस्तानची स्थिती मात्र खरोखरच टेकीला आलेली होती.

या प्रसंगातून मला दोन गोष्टी दिसतात. साठा संपत आल्याची नुसती समजूतसुद्धा वाटाघाटीच्या टेबलावर देशाचा हात बांधते. आणि साठा असून त्याचा चोख हिशेब नसेल, तर तो असून नसल्यासारखाच. म्हणून राखीव साठ्याचा प्रश्न कोठारे भरण्याइतकाच वह्या नीट ठेवण्याचाही आहे. जगाने मध्यस्थी करेपर्यंतचे दिवस आपल्याला स्वतःच्या बळावर काढायचे असतात. त्या दिवसांत आपण भक्कम आहोत की चाचपडतो आहोत, यावर पुढचा कागद लिहिला जातो.

"आता ड्रोनचा जमाना, तोफगोळे जुने झाले"

याला उत्तर द्यायला ऑपरेशन सिंदूरच पुरे. मे 2025 मध्ये पाकिस्तानकडून एका रात्रीत 300 ते 400 ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं. ते पाडण्यात कोण पुढे होतं? एल-70 ही साठच्या दशकातली 40 मिमीची तोफ आणि झेडयू-23 ही जुनी दुनळी तोफ. त्यांना नवे रडार आणि कॅमेरे जोडले आहेत, पण नळीतून सुटतो तो गोळाच. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र उधळणं कोणालाच परवडत नाही, त्यामुळे ड्रोन जितके वाढतील तितके हे छोटे गोळे जास्त लागतील. शिवाय धडकून फुटणारा ड्रोन हाही एकदाच वापरायचा दारूगोळाच आहे. त्याचाही साठा करावा लागतो, आणि त्याच्या मोटर, बॅटऱ्या, कॅमेरे कुठून येतात हे पाहिलं तर चीनचं नाव वारंवार पुढे येतं.

"गरज पडली की कारखाने आहेत, मित्र आहेत"

माझ्या मते मेसेजमधला सर्वांत घातक मुद्दा हा. 155 मिमीची एक फैर म्हणजे एक अखंड वस्तू नसते. चाळीस-पंचेचाळीस किलोचा पोलादी गोळा वेगळा, त्यात भरलेलं स्फोटक वेगळं, टोकाला बसवायचा फ्यूज वेगळा, गोळा ढकलणारा चार्ज वेगळा आणि तो चार्ज पेटवणारा प्रायमर वेगळा. यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं सगळं निव्वळ वजन. फ्यूज नसल्यामुळे मोठ्या तोफांचा 80 टक्क्यांहून अधिक दारूगोळा वापरण्याजोग्या स्थितीत नाही, अशी नोंद कॅगने केली होती. गोळे होते, रांगेने रचलेले होते, पण डागता येत नव्हते.

हे सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनतात, आणि महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज नाही. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा. वरणगावला बंदुकीची काडतुसं होतात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला प्रणोदक म्हणजे गोळा ढकलणारी दारू, चांद्याजवळ भद्रावतीला गोळे भरले जातात, नागपुरात अंबाझरीला त्यांचा धातूचा भाग घडतो. सरकीवरची बारीक लव, जिला लिंटर म्हणतात, तिच्यापासून नायट्रोसेल्युलोज होतं आणि त्यापासून चार्जमधली दारू. या साखळीतला प्रत्येक दुवा आम्लं, वाफ आणि स्फोटकं हाताळतो. तिथे घाई करता येत नाही. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन 8 कामगार गेले. तोफेचे चार्ज बनवायला बिहारमध्ये नालंदाला प्रकल्प आखला, पण तंत्रज्ञान देणाऱ्या डेनेल या दक्षिण आफ्रिकी कंपनीला 2005 मध्ये काळ्या यादीत टाकल्यावर तो वर्षानुवर्षं रखडला.

आणि मित्र? युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये युक्रेनला वर्षभरात 10 लाख गोळे द्यायचं कबूल केलं. वर्ष सरताना निम्मेच पोचले होते. अमेरिका युद्धापूर्वी महिन्याला सुमारे 14 हजार 155 मिमीचे गोळे बनवत होती. लक्ष्य 1 लाखाचं ठेवलं, पैसा ओतला, तरी 2025 सुरू झालं तेव्हा उत्पादन निम्म्याच्या आसपास घुटमळत होतं. एक कारण असं, की अमेरिकेत टीएनटी बनवणंच 1986 मध्ये बंद झालेलं. जुलै 2023 मध्ये क्लस्टर बॉम्ब देताना बायडेन यांनी साधे गोळे आपल्याकडेही कमी असल्याचं उघड सांगितलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही गत असेल, तर आपल्याला कोण आणि किती दिवसांत देणार? राखीव साठा म्हणजे कारखान्यांना तिसरी पाळी लावायला आणि मित्रांना जहाज भरायला लागणारा वेळ, आधीच विकत घेऊन ठेवलेला. लडाखसाठी तर याला पर्यायच नाही. झोजी ला ही खिंड बर्फाने बंद झाली की वर जे आहे त्यावरच मुख्य भिस्त.

पैशांबद्दल थोडक्यात. दारूगोळ्याला ठरावीक आयुष्य असतं, त्यामुळे साठा ही एकदाच करायची खरेदी नसते. जुना माल सरावाला काढायचा, नवा भरायचा. अशी दरवर्षीची नियमित मागणी असेल तरच कारखान्यातली कुशल माणसं टिकतात. मागणी तोडली की ती माणसं जातात, आणि ऐन वेळी पैसा टाकून ती परत मिळत नाहीत.

"पुलगाव आठवा"

आठवायलाच हवं. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा डेपोत आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं अंधारात घरं सोडून पळाली. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथेच, जुनी स्फोटकं निकामी करताना, आणखी 6 जण गेले. या मुद्द्याला मी हलक्यात घेत नाही. मेसेजमधला हा एकच मुद्दा खऱ्या दुःखातून आला आहे.

पण कारण काय होतं ते पाहा. 2016 च्या आगीत बोट दाखवलं गेलं ते रणगाडाविरोधी सुरुंगांच्या सदोष साठ्याकडे. त्यांतून टीएनटी पाझरत होतं, दोष आधीपासून माहीत होता, आणि तरी माल विल्हेवाटीविना पडून होता. तिथे नासका माल बाहेर गेला नाही, हे त्या मृत्यूंचं कारण आहे. साठा आहे म्हणून ती माणसं गेली नाहीत.

आपल्याकडे ही समज तीनशे वर्षांची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे: तो घरांजवळ नसावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण असावं, सर्दी पोचू देऊ नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावी. अमात्यांना धोका पुरता माहीत होता. त्यांनी त्यावर दारूखाना ओस ठेवायचा उपाय सांगितला नाही. राखण कशी करायची, हे सांगितलं.

म्हणून पुलगावचं नाव घेऊन काही मागायचं असेल तर हे मागा: सदोष ठरलेला प्रत्येक लॉट किती महिन्यांत नष्ट झाला याची तारीखवार नोंद, विल्हेवाट लावणाऱ्या मजुरांना प्रशिक्षण आणि विमा, कोठारांमध्ये पुरेसं अंतर आणि मातीचे बांध, आणि डेपोच्या हद्दीपर्यंत सरकत आलेल्या वस्त्यांना आळा.