‘चिनी काढा घ्या, डिप्रेशनच्या गोळ्या फेका’ : या फॉरवर्डमधलं खरं किती, खोटं किती

पुण्यात तळजाई टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून माझ्या दुकानाच्या नंबरवर, असा एक मेसेज सध्या फिरतोय. थोडक्यात असा : डिप्रेशनवर चिनी वैद्यकात पक्का इलाज आहे. काढा आणि सुया टोचणं (ॲक्युपंक्चर), महिन्याभरात माणूस ठणठणीत. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, नोबेल मिळालंय, साइड इफेक्ट शून्य. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या आजच बंद करा, त्यांचं व्यसन लागतं.

बाजीराव रोडला माझं औषधांचं दुकान आहे. या मेसेजबद्दल काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतं, म्हणून हे लिहितेय. सगळ्याच ओळी सारख्या खोट्या नाहीत. काही अर्धवट खऱ्या आहेत, आणि त्यांच्याच आधाराने शेवटची ओळ गळी उतरते.

‘चीनमध्ये डिप्रेशन नाहीच, पाच हजार वर्षं ते हेच औषध घेतात.’

चीनच्याच देशव्यापी पाहणीत, २०२१ साली आलेल्या आकड्यांनुसार, ६.८ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येऊन गेलेलं आढळलं. त्या वर्षभरात आजारी असलेल्यांपैकी पुरेसे उपचार मिळाले होते जेमतेम ०.५ टक्के लोकांना. तिथले मानसोपचारतज्ज्ञही आपल्याकडच्यासारख्याच गोळ्या लिहून देतात. राहता राहिली पाच हजार वर्षं. डिप्रेशनसाठी सगळ्यात जास्त दिला जाणारा काढा, ‘शिआओयाओ सान’, सोंग राजवटीतल्या ग्रंथातला आहे, म्हणजे साधारण नऊशे वर्षांपूर्वीचा. जुना आहेच, पण जुनं म्हणजे तपासलेलं नव्हे. हे आपल्या काढ्यांनाही लागू आहे, उगाच चीनवर राग नको.

‘जागतिक आरोग्य संघटनेची आणि महाराष्ट्र सरकारची मान्यता.’

संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत पारंपरिक वैद्यकाचं एक प्रकरण घातलं, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. हेतू नोंदी ठेवण्याचा. ही उपचारांच्या परिणामकारकतेला दिलेली पावती नाही, हे संघटनेनेच स्पष्ट केलंय. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषदही आहे. त्यातून सुया कोणी टोचाव्यात हे ठरतं. त्यांनी डिप्रेशन जातं की नाही, हे कायद्याने ठरत नाही.

‘नोबेल मिळालं.’ मिळालं, २०१५ साली, चिनी संशोधक तू यूयू यांना आणि मलेरियाच्या औषधासाठी. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथावरून त्यांना वनस्पतीचा सुगावा लागला हे खरं. पण उष्णतेने तिचा गुण जातो हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला, मग रेणू वेगळा केला आणि रुग्णांवर तपासला. काढा उकळून प्या, असं सांगणाऱ्या मेसेजने नेमकं हेच उदाहरण द्यावं!

डॉ. कोटणीसांनी सुईचं शास्त्र भारतात आणलं, असंही एका आवृत्तीत आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. ॲक्युपंक्चर इकडे आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी, पुष्कळ नंतर.

आता मुद्द्याचं. ‘संशोधनाने सिद्ध, गोळ्यांपेक्षा सरस.’

डिप्रेशनवरच्या ॲक्युपंक्चरचे ६४ अभ्यास, एकूण ७,१०४ रुग्ण, असा कॉक्रेन या अभ्यास पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एकत्रित आढावा २०१८ साली आला. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांना बऱ्यापैकी बरं वाटलं. पण खोट्या सुयांशी, म्हणजे नुसतं टोचल्यासारखं करणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या सुयांशी तुलना केली तेव्हा फरक थोडासाच उरला. आणि हा पुरावाही कमी दर्जाचा, असा शेरा आहे. गोळ्यांशी तुलनेबद्दलचा पुरावा तर त्याहून कच्चा. काढ्यांचे अभ्यास बरेचसे छोटे आणि काही आठवड्यांचेच.

‘पण चीनमधल्या सगळ्या अभ्यासांत गुण आलाय ना?’ असं एका गृहस्थांनी विचारलं. तीच तर अडचण आहे. १९९८ साली अँड्र्यू व्हिकर्स या संशोधकांनी देशवार हिशोब मांडला, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधला ॲक्युपंक्चरचा एकूण एक अभ्यास यशस्वी निघाला होता. शाळेतली शंभरच्या शंभर मुलं पहिली आली, तर आपण मुलांचं कौतुक करण्याआधी पेपर कोणी तपासले ते विचारू.

बाजू मांडायचीच तर एक चांगला अभ्यास आहे, मेसेजवाल्यांना तो सापडलेला दिसत नाही. इंग्लंडमधला, २०१३ सालचा, ७५५ रुग्णांचा. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला सुया, दुसऱ्याला समुपदेशन आणि तिसऱ्याला जादा काहीच नाही. तीन महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, मात्र त्या दोघांत फरक नव्हता. खोट्या सुयांचा गट त्यात नव्हता, तेव्हा गुण सुईचा की दर आठवड्याला कोणीतरी निवांत विचारपूस करण्याचा, हे सांगता येत नाही. आणि गोळ्या बंद करायला कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य.’ औषधवाली म्हणून माझा खरा राग या ओळीवर आहे.

मध्यंतरी नेहमीच्या एक काकू आल्या. एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीची स्ट्रिप घेतली, मग पर्समधून एक खोकं काढलं. भाच्याने चीनहून आणलेलं, वर सगळं चिनीत. ‘ताई, हे गोळीबरोबर चालेल का गं? झाडपाल्याचंच आहे.’ मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं. नाव ‘शुगान जिएयु’, घटक दोन, त्यातला एक हायपेरिकम. म्हणजे युरोपात सेंट जॉन्स वर्ट म्हणून विकतात ती वनस्पती. ही कॅप्सूल चीनमध्ये सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी मंजूर आहे, आणि या वनस्पतीचा असा उपयोग होतो याला बरा पुरावाही आहे. पण ती मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करते आणि काकूंची गोळीही तेच करते. दोन्ही एकदम घेतली तर सेरोटोनिन वाजवीपेक्षा वाढून ताप, थरथर, छातीत धडधड, गोंधळ, इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. शिवाय ही वनस्पती यकृताला इतर औषधं भराभर निकामी करायला लावते. रक्त पातळ करणारं वॉरफेरीन आणि गर्भनिरोधक गोळ्या, दोन्हींचा असर त्यामुळे कमी होतो. खोकं मी काकूंना परत पर्समध्ये ठेवायला लावलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन केला.

शिआओयाओ सानमध्ये ज्येष्ठमध असतं. ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी वनस्पतींमध्ये भलतीच वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. ज्याला गुण आहे त्याला दोषही असणार. साइड इफेक्ट शून्य, तर मग इफेक्ट तरी कुठून येणार?

राहिली शेवटची ओळ, ‘गोळ्या आजच बंद करा.’

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारू-तंबाखूसारखं व्यसन लागत नाही. तलफ येत नाही, तेवढ्याच परिणामासाठी डोस चढवत न्यावा लागत नाही. मात्र एकदम सोडल्या तर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, हे होऊ शकतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांच्या बाबतीत जरा जास्तच. त्यालाच लोक ‘बघा, व्यसन लागलं होतं’ म्हणतात. शिवाय आजार उलटण्याची भीती असतेच. त्या रामबाण नाहीत हे मीही मान्य करते. २१ औषधांच्या ५२२ अभ्यासांचा २०१८ सालचा आढावा सांगतो की सगळीच औषधं औषध नसलेल्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस, पण सरासरी फरक माफकच. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तिघांत एक. पटत नसेल तर डॉक्टरांशी भांडा, औषध बदलून मागा, डोस हळूहळू उतरवून घ्या. व्हॉट्सॲपच्या सांगण्यावरून नको.

सुया टोचून घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत माणसाकडे, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी, चालू गोळी न सोडता घ्या. काढा किंवा कॅप्सूल असेल तर खोकं डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला दाखवा. आणि घरात कोणी मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, १४४१६ हा टेली मानसचा नंबर फिरवा, तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ रिक्षा करून ससून हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या.