इराणची बातमी इराणमधूनच का हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं : मोबाइल प्रत्येकाकडे आहे, भाषांतर यंत्र करतं, परदेशातले इराणी इंग्रजीत लिहितातच, मग तिथल्याच वार्ताहराने इंग्रजीत लिहावं हा हट्ट कशाला? आणि निनावी मजकुरावर विश्वास का ठेवायचा?

नोव्हेंबर 2022 आठवा. महसा अमिनी या तरुणीच्या पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूनंतर इराणमध्ये आंदोलन पेटलं होतं. 'इराणच्या संसदेने 15 हजार आंदोलकांच्या फाशीच्या बाजूने मतदान केलं' ही बातमी जगभर फिरली. न्यूजवीक या अमेरिकी साप्ताहिकाला दुरुस्ती करावी लागली, कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडोंना आपलं ट्वीट काढून टाकावं लागलं. प्रत्यक्षात 290 पैकी 227 खासदारांनी न्यायपालिकेला कठोर कारवाईचं आवाहन करणारं निवेदन काढलं होतं, आणि 15 हजार हा अटक झालेल्यांचा अंदाज होता. कुणीतरी दोन्ही एकत्र शिवले. फारसी निवेदन उघड्यावर होतं, यंत्राने त्याचं भाषांतरही केलं असतं. पण शिक्षा सुनावणं हे तिथल्या संसदेचं कामच नाही, हे तिथला वार्ताहर पहिल्या वाक्यात सांगतो. खोटा आकडा सरकारच्याच पथ्यावर पडला. 8 डिसेंबरला मोहसेन शेकारी या आंदोलकाला खरोखर फाशी झाली, तोवर 'हे सगळं कुभांड' म्हणायला त्यांच्या हाती आयतं उदाहरण आलं होतं.

आता व्हिडिओ. टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या क्लिपमधली चित्रीकरणाची तारीख नि ठिकाण सहसा पुसलं जातं. म्हणून चित्रण करणारे गावाचं नाव आणि तारीख मोठ्याने बोलतात. ती तारीख इराणी सौर पंचांगातली. 25 शहरीवर 1401 म्हणजे 16 सप्टेंबर 2022, महसा अमिनी गेली तो दिवस. इसवी सन काढायला इराणी वर्षात 621 मिळवायचे, पण जानेवारीपासून नवरोजपर्यंत (मार्चमधलं इराणी नववर्ष) 622. हे विसरलं की बातमी वर्षभर मागे सरकते. घड्याळाचंही तसंच. आज तेहरान भारताच्या दोन तास मागे आहे. 2022 पर्यंत उन्हाळ्यात फरक एकच तासाचा असे. ठिकाण ओळखायला गाडीची नंबर-पाटीही बघतात: तिच्यावर उजवीकडच्या चौकटीतले दोन आकडे नोंदणीचा भाग सांगतात, पण गाडी कुठेही जाते. त्यावर एकट्याने विसंबायचं नाही. दुकानांच्या पाट्या नि मागचे डोंगर उपग्रह-चित्राशी ताडून बघायचे.

परदेशातल्या इराण्यांचं काम मोलाचं आहे, वाद नाही. पण नोव्हेंबर 2019 मध्ये जवळपास आठवडाभर इंटरनेट तोडलं, तेव्हा त्यांचाही झरा आटला.

राहिला निनावीपणा. निलूफर हामेदी आणि एलाहे मोहम्मदी या इराणमधल्याच पत्रकारांनी महसाची बातमी स्वतःच्या नावाने दिली. दोघींना तुरुंगवास झाला. तेव्हा नाव संपादकाकडे राहू द्या, वाचकाने पद्धत मागावी. वार्ताहराने स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं, केव्हा? सांगणारे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? दोघांनी एकच टेलिग्राम चॅनल वाचलं असेल, तर तो एकच स्रोत धरायचा. 'तिथला' एवढंही पुरत नाही. प्रेस टीव्ही तेहरानमधूनच इंग्रजीत बोलतं, पण ते सरकारी आहे. त्यालाही हेच प्रश्न लावा.