स्टॉल लावताना गिऱ्हाईक कोण असतं?

मोठ्या टेक कॉन्फरन्समध्ये स्टॉल मिळाला की स्टार्टअपवाले लगेच पोस्ट टाकतात. 'आमची निवड झाली!' खाली अभिनंदनाच्या शंभर कमेंट. निवडीच्या त्या मेलमध्ये पैसे भरायची शेवटची तारीखही असते, ती कुणी पोस्टमध्ये लिहीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. या व्यवहारात पहिलं गिऱ्हाईक आपण असतो. आयोजक जागा विकतात, आपण ती विकत घेतो. त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण मग गिऱ्हाइकासारखं वागा ना! काय मिळणार ते विचारा, घासाघीस करा, जमत नसेल तर नाही म्हणा. आपण मात्र बक्षीस मिळाल्यासारखे हुरळून जातो.

लिस्बनच्या वेब समिट या टेक कॉन्फरन्सचं उदाहरण घ्या. सत्तर हजारांवर माणसं येतात, हा आकडा ऐकूनच आपण विरघळतो. पण तिथे मांडणी करणारे स्टार्टअपही तीन हजारांच्या आसपास असतात आणि त्यातल्या अगदी छोट्यांना टेबल एकच दिवस मिळतं. म्हणजे तीन दिवसांच्या प्रदर्शनात एका दिवशी साधारण हजार टेबलं. एखाद्या भल्या माणसाने प्रत्येकाला दोन मिनिटं द्यायची ठरवली तर त्याला तेहतीस तास लागतील! लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात स्टार्टअपसाठी 'युरेका पार्क' नावाचा वेगळा विभाग आहे, तिथेही हजाराच्या वर कंपन्या असतात. एवढ्या गर्दीत आपण 'दिसतो' हा आपला समज असतो.

शिवाय जागेचं भाडं ही सुरुवात. वीज वेगळी, इंटरनेट वेगळं, कार्पेट आणि खुर्च्याही वेगळ्या. अमेरिकेतल्या मोठ्या हॉलमध्ये तर ट्रकमधून माल उतरवतात तिथपासून स्टॉलपर्यंत सामान आणून देण्याचे पैसेही दर शंभर पौंडांच्या हिशेबाने लावतात. बजेट करताना यातलं अर्धं कुणाच्या लक्षातच नसतं.

मग स्टॉल लावूच नये का? तसं नाही. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ॲपलने 'ॲपल टू' हा कॉम्प्युटर मांडला. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने आधीच पैसे भरून अगदी दारासमोरची जागा धरली होती. पूर्ण जुळवलेली यंत्रं तीनच होती. माल भरपूर आहे असं वाटावं म्हणून मागे रिकामी खोकी रचून ठेवली होती. (हे आज कुणी केलं तर आपण त्याला नावं ठेवू.) त्या जत्रेतून त्यांना तीनशेच्या आसपास ऑर्डर मिळाल्या. मला यात खोक्यांपेक्षा हॉलमध्ये कोण आलं होतं ते महत्त्वाचं वाटतं. स्वतःचा कॉम्प्युटर हवा म्हणून तळमळणारी, खिशात हात घालायला तयार असलेली माणसं तिथे तिकीट काढून आली होती. विकणारा आणि घेणारा एकाच छताखाली होते.

बरोबर तीस वर्षांनी ट्विटरने उलटं केलं. मार्च २००७, अमेरिकेतल्या ऑस्टिनचा साउथ बाय साउथवेस्ट हा संगीत, सिनेमा आणि टेकचा महोत्सव. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये स्टॉल न घेता त्यांनी आयोजकांशी बोलून बाहेरच्या पॅसेजमध्ये मोठे स्क्रीन लावले आणि त्यावर तिथल्याच लोकांचे ट्वीट फिरवत ठेवले. खर्च ११ हजार डॉलर, टीव्ही स्वतःच लावले. माणसं हॉलमध्ये कमी आणि पॅसेजमध्ये जास्त रेंगाळतात हे त्यांना ठाऊक होतं. रोजचे वीस हजार ट्वीट त्या काळात साठ हजारांवर गेले. याला म्हणतात गिऱ्हाइकासारखं वागणं! आयोजक जे विकत होते ते त्यांनी घेतलं नाही, आपल्याला जे हवं होतं ते मागून घेतलं.

म्हणून माझा प्रश्न एकच असतो: आपल्याला पैसे देणारा माणूस या हॉलमध्ये येतो का? तुमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलच्या बिलिंग विभागासाठी असेल, तर तो विभाग सांभाळणारी बाई टेक कॉन्फरन्सला कशाला येईल? तिच्या क्षेत्राची वेगळी प्रदर्शनं असतात, कमी झगमगाटाची आणि बऱ्याचदा स्वस्तातली. टेक कॉन्फरन्समध्ये तुमच्या टेबलापाशी येतात ते बहुतेक तुम्हालाच काहीतरी विकायला. क्लाउडवाले, भरती करून देणारे, ॲप बनवून देणारे, 'तुमची फंडिंगची गोष्ट आम्ही लिहितो' म्हणणारे. त्यांच्याही गळ्यातले नावाचे बॅज आपण हसतमुखाने स्कॅन करतो आणि संध्याकाळी लीड, म्हणजे होऊ शकणारी गिऱ्हाइकं, मोजतो.

स्टॉल घेतलाच, तर दोन गोष्टी. पहिली म्हणजे ज्याने कोड लिहिलाय त्याला तिथे उभं करा. अनोळखी माणूस स्टँडी वाचून पहिलं वाक्य जे बोलतो ना, 'म्हणजे हे अमुक कंपनीसारखंच का?', ते पुन्हा पुन्हा कानावर पडलं की वेबसाइटवर काय चुकलंय ते त्याला आपोआप कळतं. सेल्सवाला तोच प्रश्न हसून परतवतो आणि विसरून जातो.

दुसरी गोष्ट, डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. जून २०१० मध्ये आयफोन फोर दाखवताना खुद्द स्टीव्ह जॉब्सचं पान स्टेजवर उघडेना. सभागृहात ५७० वाय-फाय हॉटस्पॉट चालू होते आणि शेवटी त्याला लोकांना ते बंद करायची विनंती करावी लागली. कारण साधं आहे. वाय-फायच्या नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आणि हॉलमधला जो तो आपापला हॉटस्पॉट लावून बसलेला. ॲपलच्या कार्यक्रमात हे झालं, तर आपल्या डोंगलची काय कथा? डेटा लॅपटॉपवर ठेवा, व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवा. आणि एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या.

लीडबद्दल थोडंसं. स्कॅन केलेल्या नावांची एक्सेल शीट म्हणजे काहीच नव्हे. बोलणं झाल्यावर तिथल्या तिथे एक ओळ लिहा: त्याने काय विचारलं, आपण काय कबूल केलं. मेल त्यानेच पाठवावा जो बोलला होता. 'आपल्याला भेटून आनंद झाला' छापाचा सामुदायिक मेल मी स्वतः न वाचता डिलीट करते, मग दुसऱ्याने तो का वाचावा?

सध्या आमच्या टीममध्ये हाच वाद चाललाय. सेल्सला स्टॉल हवाय. माझं म्हणणं, दोघांनी साधी तिकिटं काढून जावं, भेटी आधी ठरवाव्यात आणि उरलेल्या पैशांत आपल्या गिऱ्हाइकांच्या क्षेत्रातल्या एखाद्या छोट्या प्रदर्शनात जागा घ्यावी. 'स्टॉल नसेल तर लोक आपल्याला शोधणार कुठे?' हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण आपल्याला शोधत येणारं तिथे कोण आहे, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. लवकर पैसे भरणाऱ्यांची सवलत संपायच्या आत ठरवायचंय. ज्यांनी स्टॉल लावलेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा. बॅज किती स्कॅन झाले ते नको, वर्षभरात त्यातल्या कितींनी पैसे दिले ते सांगा.